दोन रुपयांचा अर्धा पिक्चर

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. माहेरच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं हातात पेन आलं ते बचत गटात सही करण्यापुरतं. कुठली वेलांटी द्यायची ते आठवत नाही, हात वळेल तशी देते. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच तर अक्षराला हसा, मला हसू नका. मला हसून लोकांचं झालेलं आहे.

लिहिते, कारण बोलायला जमत नाही. चार माणसं बसली की माझा शब्द घशातच राहतो. आणि ही गोष्ट सांगायची तर मढ्यांच्या पिक्चरपासून सुरुवात करावी लागते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगणात नातवंड खेळतंय, अशा बाईनं मला मढी उठतात ते पिक्चर आवडतात असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

पण आवडतात. एक जुना आणि त्याच्यावरूनच काढलेला एक नवा, असे दोन मी बघितले आहेत. त्या दोन्हींत फरक काय, ते मला चांगलं सांगता येईल. बाकी कशातलं मला फारसं सांगता येत नाही.

जुना बघितला तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. आमचं गाव लोहाऱ्याच्या पुढं, घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलायचं गाव. मी आले तेव्हा आमच्या गल्लीत एकाही बाईला वाचता येत नव्हतं. चौथी शिकलेली सून आली म्हणून केवढं कौतुक झालं. पत्र आलं की माझ्याकडं, औषधाची बाटली आली की माझ्याकडं. मला त्याची लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं.

त्या काळी लोहाऱ्यात व्हिडिओ भाड्यानं मिळायचा. एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि कॅसेटी. गडीमाणसं तो रात्रीचा आणायची आणि बायकांना मागं भिंतीला टेकून जेवढं दिसेल तेवढं. शेजारच्या काकूंनी शोध लावला की दिवसाचं भाडं निम्मंच असतं. काकू माझ्यापेक्षा पंधरा-एक वर्षांनी मोठ्या, धिप्पाड, आवाज असा की हाक मारली तर ओढ्यापलीकडची म्हैस मान वळवायची. त्यांचे मालक लोहारा-गाव अशी जीप चालवायचे.

"गडी रानात जातेत. आपुन दिवसा बगू," काकू म्हणाल्या. "उजेड आला तर खिडक्यांला वाकळा लावू. घरटी दोन रुपये काढा."

पैसे गोळा करायचं काम माझ्याकडं आलं, कारण हिशेब मला येतो. घर आमचं ठरलं, कारण पुढचा सोपा मोठा होता. आणि कॅसेट निवडायलाही मीच, कारण मी शिकलेली.

काकूंच्या मालकांच्या जीपमधून आम्ही दोघी लोहाऱ्याला गेलो. दुकानात भिंतभर कॅसेटी. काकू म्हणाल्या, "तूच बग. हाणामारीचा नको. रडारडीचा बी नको." एक देवाचा घेतला, त्याच्यावर देवाचं चित्रच होतं. दुसऱ्या डब्यावर एक घर होतं, दारात कंदील घेऊन उभी राहिलेली बाई, मागं काळी झाडं. खाली इंग्रजी अक्षरं. चौथीपर्यंत इंग्रजी नसायचं तेव्हा. पण काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या, दुकानदारही बघत होता. मी अक्षरांवरून बोट फिरवलं, ओठ हलवले आणि म्हणाले, "घरगुती आहे. नवरा परगावी असतो, बाई वाट बघते."

"बायकांना दाखवणार हा?" दुकानदारानं विचारलं.

मी मान हलवली. तो हसला. मला वाटलं, बायका पिक्चर बघणार म्हणून हसतोय.

दुसऱ्या दिवशी देवाचा पिक्चर झाला. बायका हात जोडून बसल्या. मग सगळ्यांनी भाकरी खाल्ली आणि दुसरा लावला. खिडक्यांना वाकळा, दाराला आतून कडी. सोप्यात एवढ्या बायका की मांडी हलवता येत नव्हती, वर उकाडा आणि कुणाच्या तरी तान्ह्याचं रडणं.

पिक्चर रंगीत नव्हता. सगळ्यांनी आधी त्यावरून मला धरलं. मग त्यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली. कुणाला काही कळेना, तेव्हा काकूच त्यांच्या वतीनं बोलायला लागल्या. "ती म्हंतीया, माजा नवरा मेला, आता शेळ्या कोण बगल." शेळ्या खरंच होत्या पिक्चरमध्ये. नवऱ्याला पेटीत घालून पुरलं, बायकोनं मूठभर माती टाकली. इथवर घरगुतीच होता. मग अंधार पडला, आणि मातीतून हात वर आला.

मग काकू म्हणाल्या, "ह्ये तुमचंच गं पोरी. आमची मानसं जाळून मोकळी. उठायला राहतंय काय, राख?"

सगळ्या खिदळल्या. मीही हसले.

आमच्यात माणसाला पुरतात. मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात, विभूती आणि बेल वाहतात. माझ्या सासऱ्यांना आमच्याच रानाच्या कोपऱ्यात ठेवलं होतं, चार महिने झाले होते. अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दर सोमवारी तिथं बेल घेऊन जायच्या. पिक्चरला त्या बसल्या नव्हत्या. आत सैपाकघरात ज्वारी निवडत होत्या. काकूंचा तो आवाज, तो आत गेल्याशिवाय राहिला नसणार.

त्या पिक्चरमधली मेलेली माणसं कशी होती, ते सांगते. ज्या कपड्यात गेली त्या कपड्यात उठली होती. एक म्हातारा कोट घालून, एक बाई झोपायच्या झग्यात, एकाच्या एकाच पायात बूट. घाई कुणालाच नव्हती. रॉकेलची गाडी यायची असली की रेशनच्या दुकानापुढं माणसं उभी राहायची, तशी ती उभी राहायची, मग थोडी पुढं यायची. तोंडं नीट दिसायची. कोण कुणाचं, ते ओळखता यायचं. त्या बाईचा नवरा डावा पाय ओढत चालत होता. माझे सासरे लकवा झाल्यापासून तसेच चालायचे.

तो पाय ओढत घरापाशी आला. बाईनं आतून कडी लावली होती. त्यानं दार ठोठावलं नाही, ढकललं नाही. नुसता पंजा दारावर ठेवला आणि उभा राहिला. आत ती कंदील घेऊन उभी. तिचा हात कडीपर्यंत जायचा आणि मागं यायचा. जायचा आणि मागं यायचा.

"बागला तगी," मागून आवाज आला. म्हणजे, दार उघड. अत्ती सैपाकघराच्या दारात उभ्या होत्या, सूप हातातच. "बाहेर माणूस उभा राहिलाय. बागला तगी."

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या बायकांच्या मांड्यांवरून पाय टाकत पुढं गेल्या आणि आमच्या घराची कडी काढून त्यांनी दार सताड उघडलं.

भर दुपारचं ऊन आत आलं. टीव्ही पांढरा झाला. बाहेर अंगणात एक कोंबडी होती, दुसरं कुणी नव्हतं. एक पोरगेली सून फिसकन हसली, मग आणखी एक, आणि मग कुणीच हसलं नाही. अत्ती उंबऱ्यावर बसल्या.

आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. माझं लक्ष त्या वेळी अत्तींकडं नव्हतंच. मी टीव्हीपुढं सरकून दोन्ही हातांनी ऊन अडवत होते. तिनं कडी काढली का, ते मला बघायचं होतं. अत्तींनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हात खाली घेतले आणि वायर ओढली.

बायका उठून एकेक करून गेल्या. काकू जाता जाता हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, म्हणाल्या, "दोन रुपये पुऱ्या पिक्चरचे घेतलेस आन दावलास अर्धा. चौथी शिकून ह्यो हिशेब व्हय गं?"

वातावरण हलकं करायला म्हणाल्या असतील. पण ते वाक्य गल्लीला चिकटलं. हापशावर, गिरणीत, कुणाच्या लग्नात, मी दिसले की काकू म्हणणार, "बगा, आमची देणेदार आली." नवी सून गल्लीत आली की तिला माझी ओळख अशीच. मी त्या वर्षी नागपंचमीला घरोघरी दोन-दोन रुपये परत करत फिरले. काहींनी घेतले. काकूंनी माझी मूठ मिटवली. "पैसं नकोत. पिक्चर दाव."

तो आता कुठून दाखवणार? दुकानात परत जायची मला लाज. थोड्या वर्षांनी गल्लीत सगळ्यांकडं टीव्ही आले आणि लोहाऱ्याचं ते दुकान मोबाईलचं झालं.

अत्तींनी तो विषय कधी काढला नाही. फक्त एक झालं. संध्याकाळी दार लावायला मी उठले की म्हणायच्या, "थांब थोडं." दिवा लागून गेला तरी थांब म्हणायच्या. मग स्वतःच उठून लावायच्या. जाईपर्यंत तसंच. आता त्या सासऱ्यांच्या शेजारी आहेत.

पुढं काकूंचे मालक जीपसकट बार्शीकडं गेले. तिकडं एक बाई होती. पोरं लहान होती. काकूंनी दोन वर्षं दुसऱ्यांच्या रानात काम करून घर चालवलं आणि आवाज जराही कमी केला नाही. मग एके दिवशी दिवेलागणीला मालक आले. मी आमच्या ओट्यावर शेंगा फोडत होते. ते पायी आले होते, जीप नव्हती, अंग वाळलं होतं. काकूंच्या दाराला आतून कडी होती. त्यांनी हाक मारली नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. मला उठून आत जायला पाहिजे होतं. दुसऱ्याच्या दारातलं असं काही बघत बसू नये. पण मी बसून राहिले, बघितलं, ऐकलं. गल्लीतले दिवे लागले. मालक वळले आणि एसटी थांब्याकडं चालायला लागले. काही महिन्यांनी तिकडून ते गेल्याचा निरोप आला.

त्यानंतर कितीतरी दिवस काकूंनी दोन रुपयांचं नाव काढलं नाही. मला वाटलं, विसरल्या. मग एकदा आमच्या रानात मूग तोडायला आल्या होत्या. आम्ही दोघीच एका ओळीला.

"पोरी, त्या बाईनं दार उगडलं का गं शेवटाला?"

"कुणाला ठाऊक काकू. मी वायर ओढली."

"तुला म्हाईत पायजे हुतं. शिकलेली तू." त्या हसत होत्या, पण शेंग तोडायचा हात थांबला होता. "पुरा बगितला असता तर मला बी कळलं असतं. काय करायचं असतंय तवा."

त्या दिवशी मला कळलं की काकू माझ्याकडं दोन रुपये मागत नाहीत. आणि जे मागतात ते देता येत नाही, ह्याची लाज मी इतकी वर्षं घेऊन फिरले. देणेदार म्हटलं की सगळे हसायचे, मी पदर पुढं ओढायचे.

आता ह्या वर्षीची गोष्ट. माझी सून धाराशिवची, बी.ए. झालेली. घरात नवा सपाट टीव्ही आहे, मोबाईलमधलं त्याच्यात दिसतं. एका दुपारी ती भीतीचा पिक्चर लावून बसली होती. मी गव्हाची चाळण घेऊन सोप्यातून जात होते आणि उभीच राहिले. घर, काळी झाडं, शेळ्या, दारात बाई. कंदिलाच्या जागी हातात बॅटरी.

"हा मी बघितलाय," मी म्हणाले. "अर्धा."

सून वळली. "अहो आई, हा मागच्या वर्षी आलाय. जुना होता, त्याचा नवा काढलाय. तुम्ही कुठं बघितला?"

मग मला सगळं सांगावं लागलं. तोंडानं एवढं सलग मी कधी बोलले नव्हते. सून आधी खूप हसली. मुगाच्या रानातलं सांगितल्यावर हसायची थांबली. म्हणाली, "काकू-आजींना बोलवा ना. फेडून टाका."

आणि वेळ नव्हताच. काकूंचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. गुडघ्यांमुळं त्यांना एकटं राहता येत नाही, म्हणून तो घराला कुलूप लावून त्यांना कायमचं नेणार होता. जायला थोडेच दिवस राहिले होते.

काकू काठी टेकत आल्या, खुर्चीत बसल्या आणि पहिलं वाक्य, "वाकळा कुटं हायत्या?"

"ह्याला अंधार लागत नाही आजी," सून म्हणाली.

"त्याला न्हाय लागत. आमाला लागतो."

सुनेनं खिडक्यांना चादरी लावल्या. नवा पिक्चर सुरू झाला. रंगीत, आवाज असा की भांडी थरथरली, आणि माणसं हिंदीत बोलत होती, सगळं कळत होतं. पण थोड्याच वेळात मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. ह्यातली मेलेली माणसं पळत होती. नवरात्रात तुळजापूरच्या थांब्यावर बस लागली की माणसं खिडकीतून रुमाल टाकत धावतात, तशी. तोंडं एवढी सडवलेली की कोण कुणाचं ते ओळखू येऊ नये. अंगावर सगळ्यांच्या सारख्याच चिंध्या. नवरा कधी आला आणि गर्दीतला कोणता, तेच समजलं नाही. बाई मात्र जुनीपेक्षा धीट, कुऱ्हाड घेऊन सपासप. मला ती आवडली. असं आपल्याला एकदा तरी जमावं, असं मनात आलं आणि लाज वाटली. शेवटी सगळी एकदम दारावर आदळली, दाराचे तुकडे झाले, ती मागच्या खिडकीतून उडी मारून गाडीत बसून गेली.

"झाला?" काकू म्हणाल्या.

"झाला. भीती वाटली का आजी?" सुनेनं विचारलं.

"पळनाऱ्याचं काय भ्यायचं? मेंढरं बी पळतेत. एक पळालं की मागनं समदी." काकूंनी काठी फरशीवर आपटली. "चालत येतोय त्याचं भ्या असतंय पोरी. त्याला घर ठाव असतंय. ह्येला कुटं ठाव हाय? दिसलं दार, फोडलं." मग माझ्याकडं वळून, "ह्यो न्हवं. तिनं दार उगडायचं का न्हाय, त्येच ह्यात न्हाय. तुजे न्हाय फिटले."

सुनेला वाटलं, चेष्टा करतात. मला माहीत होतं, नाही.

जुना शोधायला सुनेला चार दिवस लागले. तिला नाव माहीत नव्हतं, मी तर आयुष्यात ते कधी वाचलंच नव्हतं. ती एकेक चित्र काढून मला दाखवायची, हा का, हा का. शेवटी ते घर दिसलं. कंदिलाची बाई. मी उठून उभीच राहिले. माहेरचं माणूस एसटीतून उतरताना दिसावं तसं.

काकूंच्या घरातलं सामान तोवर टेम्पोत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या जाणार. दुपारी आल्या. ह्या वेळी चादरी आम्ही आधीच लावल्या होत्या, आणि दाराला कडीही.

माझ्या आठवणीत ते घर मोठं होतं. आता बघितलं तर एक खोली आणि एक पडवी. मेलेल्यांच्या तोंडाला नुसतं पीठ फासल्यासारखं दिसत होतं, सून म्हणाली, "आई, पावडर लावलीय ओ." तरीही. कोटवाला म्हातारा आला, झग्यातली बाई आली, एका पायात बूट असलेला आला. काकू एकेकाला ओळखीच्यासारखं बघत होत्या. "ह्यो बग, ह्येचा दुसरा बूट अजून गावला न्हाय."

नवरा पाय ओढत आला. दारावर पंजा ठेवला. आत तिचा हात कडीपर्यंत गेला आणि मागं आला. मी नकळत सैपाकघराच्या दाराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. टीव्ही पुढं चालू राहिला.

तिनं कडी काढली नाही. कंदील खाली ठेवला आणि दाराला पाठ लावून खाली बसली. बाहेर तोही हळूहळू दाराला टेकून खाली बसला. मध्ये फक्त फळी. मग ती बोलायला लागली. सून टीव्हीत खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचून सांगत होती, अडखळत. "म्हणतेय, शेळ्यांना चारा घातला. म्हणतेय, छप्पर गळत होतं ते शेजाऱ्यानं नीट करून दिलं. म्हणतेय, तुझा सदरा अजून दोरीवरच आहे." असंच काहीबाही, घरातलं. ती रात्रभर बोलत होती. उजाडलं तेव्हा ती उठली आणि तिनं दार उघडलं. तो बसलेलाच होता. मान खाली, हात मांडीवर. आमच्यात ठेवतात तसा.

पिक्चर संपला. सुनेनं टीव्ही बंद केला आणि चहा ठेवायला आत गेली. काकू अजून काळ्या काचेकडंच बघत होत्या.

"म्हंजी, उगडलं न्हाय."

"सकाळी उघडलं की काकू."

"सकाळचं उगडणं म्हंजी उगडणं न्हवं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "बोलली मातर. रातभर बोलली. म्या एक अक्षर बोलले न्हाय गं पोरी. एवढा माजा आवाज. तवाच कसा बसला."

मी काय करावं? एरवी मी पदराशी चाळा करत बसले असते. पण टेम्पो सकाळी निघणार होता.

"काकू, तुम्ही कडीला हात लावून उभ्या होत्या," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मी ओट्यावर होते त्या दिवशी. तुमच्या बांगड्या वाजत होत्या. दाराच्या अगदी मागं. हात कडीवर जायचा, वाजायच्या. मागं यायचा, वाजायच्या. ते उभे होते तोवर थांबल्या नाहीत. मला ओट्यावर ऐकू येत होतं काकू. ते तर दाराशी होते. त्यांना ऐकू आलंच असणार. बांगड्या ऐकतच उभे होते ते."

काकूंनी स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. तिथं आता काही नसतं. मग दुसऱ्या हातानं ते मनगट धरून बसल्या.

"आदी का न्हाय सांगितलंस?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"बघत बसल्याची."

"तुज्या लाजंला काय म्हनावं गं," काकू म्हणाल्या, आणि एकदम हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे गळायला लागले. "पिक्चर अर्धा, बोलनं बी अर्धं. सारं आयुष्य अर्धंच वाढलंस बग मला."

सुनेनं चहा आणला. काकूंनी बशीत ओतून फुंकर मारून सगळा प्याला. मग काठी घेतली, उठल्या. मी कडी काढायला पुढं झाले तर मला हातानं बाजूला केलं आणि स्वतः काढली. ऊन आत आलं. अंगणात माझं नातवंड आणि समोरच्या घरातल्या दोघी-तिघी बसल्या होत्या.

उंबऱ्यात उभ्या राहून काकूंनी आपला जुना आवाज काढला.

"आगं, ऐकलंत का? आमच्या ह्या देणेदारणीकडं आता कुणी काय मागायचं न्हाय. हिचे फिटले. पाव आणा बी राहिला न्हाय."